शंकरपटाच्या बैलांचे प्रशिक्षण

शंकरपटाच्या बैलांचे प्रशिक्षण म्हणजे विदर्भातील शंकरपट या बैलगाडी शर्यतीसाठी बैलजोडीला सरळ, एकसमान व वेगाने धावण्याची सवय लावण्याची पद्धत होय. पश्चिम महाराष्ट्रात अशा शर्यतींना केवळ बैलगाडा शर्यत म्हणतात. वऱ्हाडात व पूर्व विदर्भात मात्र 'शंकरपट' किंवा नुसते 'पट' हेच नाव रूढ आहे. शर्यतीच्या धावपट्टीला 'दान', तर गाडी हाकणाऱ्यास 'धुरकरी' म्हणतात.

==प्रदेश व स्वरूप==
अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे व धामणगाव रेल्वे हा परिसर पटाच्या परंपरेसाठी ओळखला जातो. पूर्वी चांदूर तालुक्यात असलेल्या व आता धामणगाव रेल्वे तालुक्यात मोडणाऱ्या तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहे. खरिपाची कामे उरकल्यावर, साधारणतः संक्रांतीच्या सुमारास पटांचा हंगाम सुरू होतो.

भंडारा-गोंदियाकडे दोन जोड्या शेजारशेजारच्या दानींवर एकाच वेळी सोडतात. वऱ्हाडातील अनेक पटांत मात्र प्रत्येक जोडी एकटी धावते आणि निकाल घड्याळावर, सेकंदाच्या अंशांत ठरतो. या बाबतीत तिचे साम्य अमेरिकेतील पिंपांभोवतीच्या घोडेस्वारी शर्यतीशी आहे. तेथेही घोडा एकटाच घड्याळाविरुद्ध धावतो. परंतु तीन पिंपांना वळसा घालायचा असल्याने त्याचे बहुतेक शिक्षण वळणाचे असते. पटात वळण नाही. त्यामुळे बैलांच्या शिक्षणात सुरुवातीची झेप आणि सरळ धाव या दोनच गोष्टींना खरे महत्त्व येते.

==जोडीची निवड==
वर्धा नदीपलीकडील आर्वी परिसर हा गवळाऊ जातीच्या मूळ प्रदेशात मोडतो. हलक्या बांध्याची व चपळ चालीची ही जात पटासाठी पसंत केली जाते. याखेरीज खिल्लारी बैलही आणले जातात. एकट्या बैलाच्या वेगापेक्षा जोडीचा मेळ अधिक मोलाचा ठरतो. दोघांची उंची, टापेची लांबी व स्वभाव जुळला नाही, तर वेगवान बैल मंद बैलाला ओढतो, जू तिरके होते आणि छकडा दानीबाहेर जातो. म्हणूनच दोन उत्तम बैलांची जोडी उत्तमच ठरेल असे नाही, हे जाणकार मालक पैसे मोजण्यापूर्वीच ध्यानात घेतात.

==शिकवण्याचा क्रम==
गोऱ्ह्याला प्रथम दोरीने चालण्याची, माणसाच्या हाताची व आवाजाची सवय लावतात. त्यानंतर त्याला अनुभवी बैलासोबत जुंपून आधी हलके ओंडके व मग रिकामा छकडा ओढायला देतात. बैल हा कळपात राहणारा प्राणी असल्याने शिकलेला सोबती शेजारी असला की नवखा लवकर स्थिरावतो. पहिले काही आठवडे धाव नसतेच. दानीवरून केवळ चालत नेणे व शेवटापर्यंत सरळ राखणे एवढेच काम असते. सरळपणा पक्का झाल्यावर छोट्या अंतराची धाव सुरू करून अंतर हळूहळू वाढवतात. रोज पूर्ण वेगाने पळवल्यास स्नायू व खूर दुखावतात, त्यामुळे मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवले जातात. नांगरलेल्या मऊ जमिनीवर चालवणे व पोहणी यांनी दम वाढतो.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. अगदी पाठीमागचा भाग तेवढा दिसत नाही. मागून अचानक झालेल्या स्पर्शाने किंवा माराने तो दचकतो. दचकलेला बैल पळतो खरा, पण सरळ पळत नाही. धुरकऱ्याचा ओळखीचा आवाज व कासऱ्याचा हलका इशारा यांवर सुटणारी जोडी म्हणूनच अधिक भरवशाची असते. गर्दी, ढोल व ध्वनिक्षेपक यांचीही सवय आधीच करून घ्यावी लागते.

==आहार व निगा==
कडबा व कुटार यांना सरकी, ढेप आणि हरभऱ्याची चुरी यांची जोड दिली जाते. खुराक एकाएकी वाढवणे धोक्याचे असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जास्त धान्य एकदम गेल्यास आम्लता वाढते. बैल चारा सोडतो, प्रसंगी दगावतो. धान्य दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. शर्यतीपूर्वी चारा कमी देतात, कारण भरलेले पोट हे नुसते ओझे असते. धावेनंतर बैलाला लगेच न बांधता हळूहळू फिरवून श्वास शांत होऊ देतात. जू खांद्यावर नीट बसते का, खांदा सुजला आहे का आणि नाल सैल झाली आहे का, हे दररोज पाहिले जाते.

==कायदा आणि प्रशिक्षण==
पूर्वी पराणीची आर टोचणे, शेपटी पिरगाळणे वा चावणे, चाबूक मारणे हे प्रकार सर्रास होत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम २२ खाली केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी काढलेल्या अधिसूचनेत बैलाचा समावेश झाला. हे कलम केवळ प्रदर्शनाला नव्हे, तर त्यासाठीच्या प्रशिक्षणालाही लागू होते, ही बाब बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींना मनाई केली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती बंदच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला.

या खंडात शिकलेले बैल म्हातारे झाले आणि नवे गोऱ्हे तयार झाले नाहीत. देशी गोवंशाची पैदास अशा शर्यतींमुळे टिकते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. प्राणिकल्याण संघटनांना ते मान्य नाही. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीसाठी नाही, हा त्यांचा आक्षेप २०१४ च्या निकालातही मान्य झाला होता. सध्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक असून धावेचे अंतर १,००० मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरण्यास मनाई आहे. उल्लंघन केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.