खाडीपल्याडची सोयरीक

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातल्या घरांत एक बेत हमखास शिजतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात जायचे, समुद्र पाहायचा आणि वेंगुर्ल्याकडून आंबोलीने वर यायचे. बेत चांगलाच आहे. मात्र तो आखताना बहुतेक मंडळी किनाऱ्यांची यादी करतात आणि मग कुठे पोहायचे, कुठे मासे खायचे एवढ्यावरच चर्चा थांबते. यंदा माझ्या पुतण्याने नकाशा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, समुद्र सतत डाव्या हाताला राहील असा रस्ता आखून द्या." मी किनारे न लिहिता पाण्यांची नावे लिहिली. मांडवी, शापोरा, तेरेखोल आणि मोचेमाड. ती का, हे सांगण्यासाठी हा लेख.

कोकणात किनाऱ्याला समांतर जाणारी सलग वाट पूर्वी नव्हतीच. काही कोस चालले की खाडी आडवी यायची. खाडीवर तर, म्हणजे होडीने पार होण्याची जागा, आणि तरीवर नजर ठेवणारी एखादी टेकडी किंवा किल्ला. तर ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती, आणि बहुधा सरहद्दही तिथेच. आज आपण मोटारीत बसून ज्याला निसर्गरम्य सागरी रस्ता म्हणतो, तो खरे पाहता अशा अनेक तरी एकमेकींना जोडून तयार झालेला आहे. म्हणून या प्रवासाची आखणी किनाऱ्यांवरून न करता ओलांडण्याच्या जागांवरून करावी, असे माझे मत आहे.

घाट उतरताच पहिले गाव लागते ते केरी. हे सत्तरीतले केरी. पेडण्याच्या समुद्रकाठी दुसरे केरी आहे आणि आपल्याला शेवटी तिथे पोहोचायचे आहे. नकाशा पाहताना या दोन केऱ्यांची गल्लत होऊ देऊ नये. पुढे साखळी आणि मग डिचोली. समुद्राच्या सहलीत डिचोली कशाला, असे मुले विचारतील. त्यांना नार्व्याला न्यावे. मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेट दिसते. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचा तिथला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बेटावरची देवळे पाडली तेव्हा भाविकांनी देवाला नदी ओलांडून नार्व्याला आणले, कारण नदीपलीकडे पोर्तुगीजांची सत्ता संपत होती. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देवालयाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख देवळावर आहे. अलीकडे २०२३ मध्ये या देवळाचे पुन्हा जतनकार्य पुरे झाले. एक नदी ओलांडली आणि देव वाचला, ही गोष्ट मुलांच्या लक्षात राहते.

डिचोलीहून अस्नोडा, थिवी, म्हापसा करीत शिवोलीला यावे. इथे शापोरा नदी समुद्राला मिळण्याच्या तयारीत असते. या शतकाच्या सुरुवातीला शिवोली ते चोपडे हा पूल झाला आणि तेव्हापासून मोरजी-मांद्र्याकडे जाणाऱ्या गाड्यांना अंतर जाणवत नाही. पुलावर मिनिटभर थांबता आले नाही तरी चोपड्याच्या बाजूला उतरून मागे वळून पाहावे. उजवीकडे नदीच्या मुखावर शापोऱ्याचा किल्ला आहे. त्याच्या तटावर आज सूर्यास्त पाहणाऱ्यांची गर्दी असते. पण हा किल्ला बांधला तो सूर्यास्तासाठी नव्हे. १७८८ पर्यंत शापोरा नदी हीच पोर्तुगीज बारदेशची उत्तर सीमा होती. संभाजी महाराजांच्या काळात, १६८४ च्या सुमारास, मराठ्यांनी हा किल्ला घेतला होता. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याच सुमारास डिचोलीच्या बाजूला महाराजांच्या आश्रयाला होता. १७३९ साली किल्ला पुन्हा मराठ्यांकडे गेला आणि दोन वर्षांनी पोर्तुगीजांना परत मिळाला. पूल नसलेल्या काळात त्या काठावर उभे राहणे म्हणजे परमुलखाकडे पाहणे होते.

ही सीमा सरकली कशी, ते पेडण्याच्या इतिहासात आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांवर स्वारी केली. शापोरा नदीवरचा हळर्णचा किल्ला पडला, आणि त्या विजयाबद्दल व्हाइसरॉयला लिस्बनहून 'मार्किस ऑफ आलोर्ना' हा किताब मिळाला. एका आडगावच्या गढीचे नाव अशा रीतीने युरोपातल्या सरदारघराण्याला चिकटले! त्याच वर्षी तेरेखोलचा किल्लाही पोर्तुगीजांच्या हाती आला. डिचोली १७८१ मध्ये गेली. पेडणे महाल मात्र लढाईपेक्षा अडचणीने गेला. कोल्हापूरकरांशी चाललेल्या संघर्षात सावंतवाडीच्या खेमसावंतांना मदत हवी होती, आणि १७८८ साली त्यांनी पेडण्यावरचा हक्क पोर्तुगीजांना सोडला. सीमा एका फटक्यात शापोऱ्यावरून तेरेखोल नदीवर आली. शापोऱ्याच्या तटाला काम उरले नाही आणि पुढे शंभरेक वर्षांनी तो ओसच पडला.

या उशिरा आलेल्या मुलखांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. जुन्या काबिजादींत जे धर्मांतर आणि जी देवळांची मोडतोड झाली, ती इथे झाली नाही. लोकांच्या धर्माला आणि रूढींना हात लावणार नाही, असे अभिवचन सत्तेला द्यावे लागले. म्हणून मोरजीची मोरजाई, पेडण्याची भगवती आणि रवळनाथ आपापल्या जागी आहेत. पेडण्याची पुनव कोजागिरीला भरते. दिवाळीआधी पंधरा दिवस निघता आले, तर तरंगे नाचताना पाहावीत. घरी कोकणी, कीर्तनात आणि आरतीत मराठी, अशी दुहेरी बोली इथे सहज चालते. बाजारात कन्नड आणि देवघरात मराठी बोलणाऱ्या आपल्या वाचकांना त्यात नवल वाटू नये.

मोरजी, अश्वे, मांद्रे, हरमल ही गावे ओळीने येतात. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात, तेव्हा रात्री तिथे गाडीचे दिवे आणि गोंगाट टाळावा. आगरवाड्याच्या नावातच मिठाचे आगर आहे. २०२२ साली याच तालुक्यात मोपा येथे विमानतळ झाला आणि तेव्हापासून जमिनीचे भाव, हॉटेले, गर्दी सगळेच वाढले. हे बरे की वाईट, ते तिथल्यांनी ठरवावे. मी एवढेच म्हणेन की आकाशातून उतरणाऱ्याला या रस्त्यावरच्या नद्या दिसतात, पण ओलांडाव्या लागत नाहीत.

ओलांडावी लागण्याचा अर्थ आमच्या घराला ठाऊक आहे. आमचे मूळ घर आरोंद्याचे. समोर तेरेखोल नदी आणि पलीकडे पेडण्यातले किरणपाणी. माझी आत्या १९५१ साली पलीकडे दिली. त्या काळी त्यात कोणाला परदेश वाटला नाही. होडीत बसले की माहेर. मग १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला आणि दुसऱ्या दिवशी ते सत्याग्रही पकडले गेले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरचे सत्याग्रही सीमेवर आले. पत्रादेवीला पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल गोळीने पडले, आणि आणखीही बळी गेले. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. आमच्या तरीवरची होडी उलटी करून ठेवली गेली. सात भाऊबीजा आत्या माहेरी आली नाही. त्या दिवशी संध्याकाळी ती पलीकडच्या काठावर येऊन पणती ठेवायची आणि वडील या काठावर उभे राहायचे, एवढेच वडिलांनी आम्हांला सांगितले. त्यापुढे ते बोलत नसत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ ची भाऊबीज आमच्या घरी झाली.

१९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते दिली. १९८७ मध्ये गोवा राज्य झाले. तेरेखोल नदी राज्याची सीमा राहिली. आता आरोंदा आणि किरणपाणी यांच्यामध्ये पूल आहे आणि सोयरिकी पूर्वीसारख्याच होतात. पण सहलीत मी त्या पुलाने जायला सांगणार नाही. पेडण्याच्या केरीला, रस्ता जिथे पाण्यात संपतो तिथे, फेरीबोटीची वाट पाहावी. मुले कंटाळतील. कंटाळू द्यावे. शेकडो वर्षे सगळ्यांनी या जागी असाच वेळ घालवला आहे. पलीकडे उतरले की समोर तेरेखोलचा किल्ला. नदीच्या उत्तरेला असूनही ते गाव गोव्याचे आहे, कारण १७४६ चा तो एक किल्ला पुढच्या सगळ्या तहांत तसाच राहिला. नकाशावरचा हा लहानसा ठिपका समजला की सीमा कशा बनतात ते समजते.

रेडीत गेल्यावर महाराष्ट्र. खाणीत १९७६ साली सापडलेला गणपती आणि यशवंतगड पाहून शिरोड्याला यावे. इथल्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मोठा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते. आरवलीत वेतोबाला भाविक भलेमोठे चामडी पायताण वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, ही त्यामागची समजूत. जयवंत दळवी याच गावचे, आणि जन्म मात्र बारदेशातल्या हडफड्याचा. दोन काठांची ही गुंतागुंत आमच्या घरापुरती नव्हती, हे त्यावरून कळावे.

मोचेमाडची खाडी ओलांडली की वेंगुर्ले. डचांनी १६३७ साली इथे वखार घातली ती गोव्याच्या तोंडावर पहारा ठेवायला. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. १८१२ साली हे बंदर इंग्रजांकडे गेले आणि आंबोलीच्या घाटाने बेळगावचा माल इथे उतरू लागला. पुढे मुरगावकडे रेल्वे आली आणि बैलगाड्यांचा तो राबता ओसरला. आपण ज्या रस्त्याने घरी परत यायचे तो हाच. आपल्या आजोबा-पणजोबांनी कापूस-धान्य घेऊन तो पायाखाली घातला आहे.

तीन दिवस पुरतात, चार मिळाले तर उत्तम. पहिला मुक्काम डिचोली, दुसरा मांद्रे किंवा हरमल, तिसरा शिरोडा. राहण्याची सोय आधी करावी, सुट्टीत ऐनवेळी मिळत नाही. आणि आपले कोणी पेडण्यात किंवा शिरोड्यात दिलेले असेल, तर हॉटेल शोधण्याआधी त्यांच्याकडे निरोप पाठवावा. भाऊबीज त्याच आठवड्यात येते.