बाटलीवरचे वाक्य

गेल्या चतुर्थीला माझा भाचा न्यू जर्सीहून आला, तो आईसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली घेऊन. जन्मभर बांगडे खाल्लेल्या बाईला माशाचे तेल! पण आई खूश. दोन दिवसांनी कळले की तिने रक्तदाबाची गोळी बंद केली आहे. "यावर हार्टचं लिहिलंय ना रे?" मी चष्मा लावून बाटली वाचली.

वर ठळक अक्षरांत 'हृदयाच्या आरोग्याला साहाय्य', त्यावर छोटीशी चांदणी. चांदणीचा अर्थ खाली बारीक टायपात : हे विधान एफडीएने तपासलेले नाही, हे उत्पादन कोणताही रोग बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी नाही.

या चांदणीला इतिहास आहे. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने असे ठरवले की, एखादा पदार्थ अमुक रोगाचा धोका कमी करतो असे लेबलवर म्हणायचे तर एफडीएची परवानगी हवी. व्हिटॅमिनवाले खवळले. 1993 मध्ये टीव्हीवर जाहिरात आली; तीत सशस्त्र अधिकारी मेल गिब्सनच्या घरात घुसून त्याच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या जप्त करतात! लोकांनी काँग्रेसकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि ऑक्टोबर 1994 मध्ये क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. रोगाचे नाव न घेता 'हाडे बळकट करते' असे म्हणायला आता पूर्वपरवानगी नको. माल बाजारात आणल्यावर 30 दिवसांत कळवले की झाले. पुरावा कंपनीपाशी असायला हवा, पण तो आधी दाखवायची सक्ती नाही. त्या बदल्यात ही चांदणी.

पुढे 1999 मध्ये 'पीअर्सन विरुद्ध शलेला' या खटल्यात न्यायालय म्हणाले, पुरावा अपुरा म्हणून दावा सरसकट बंद करू नका, खुलासा जोडून चालेल का ते पाहा. त्या खटल्यातला एक दावा नेमका माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चा आणि हृदयविकाराचा होता. 2000 साली गोळ्यांना तो खुलाशासह मिळाला. खऱ्याखुऱ्या माशाला मात्र 2004 उजाडावे लागले. आमच्या बांगड्याला चार वर्षे उशीर!

आपल्याकडे 2016 च्या नियमांनुसार अशा डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. पण ही बाटली भाच्याच्या बॅगेतून आलेली.

मी आईला बारीक टाइप मोठ्याने वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग एवढे पैसे कशाला घातले त्याने?" आणि गोळीची पट्टी आणायला आत गेली.