वळणाचा इतिहास : बर्फावरील एक हत्यार आणि एक कसब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, ते अक्षराला वळण लावणारे शिक्षक होते. म्हणून ‘वळण’ हाच विषय मी आज घेतला आहे. मात्र हे वळण कागदावरचे नसून बर्फावरचे आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने पांढुर्ण्यात उभे राहून स्नोबोर्डविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आपल्या जाम नदीच्या काठी बर्फ पडत नाही. सौंसरच्या संत्र्याच्या बागांना तो परवडणारही नाही. परंतु हत्यार, ते घडविणारा कारागीर आणि ते चालविणारा माणूस यांचे परस्परसंबंध हा इतिहासाचा विषय आहे, आणि या खेळात ते संबंध फार स्वच्छ दिसतात.

मराठीत रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण लावावे लागते. या तिन्ही अर्थांत एक सूत्र समान आहे. वळण ऐनवेळी जोर लावून आणता येत नाही. ते आधी घडवावे लागते. बर्फावरील वळणाचा इतिहासही हेच सांगतो, असे मला दाखवावयाचे आहे.

बर्फाच्या उतारावरून फळीवर उभे राहून खाली येणारा माणूस दोन प्रकारे वळू शकतो. पहिला प्रकार घसरत वळण्याचा. फळी आडवी करावयाची, तिने बर्फ खरवडावयाचा आणि वेग मोडत दिशा बदलावयाची. अशा वळणामागे बर्फावर रुंद, फिस्कटलेला पट्टा उरतो. दुसरा प्रकार कोरीव वळणाचा. यात फळी तिच्या कडेवर कलते, ती कड बर्फात रुतते, आणि फळीचे शेपूट तिच्या तोंडाने आखलेल्या रेषेतूनच पुढे जाते. मागे उरते ती एक बारीक, स्वच्छ रेघ. आज ज्या शाखेविषयी मी बोलत आहे, त्या कठीण बुटांच्या ‘अल्पाइन’ स्नोबोर्डिंगचे सारे साहित्य आणि सारे तंत्र या एका रेघेसाठी आहे.

या रेघेचे मूळ स्नोबोर्डपेक्षा पुष्कळ जुने आहे. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल येथे १८२५ साली जन्मलेल्या सोंद्रे नोरहाइम याने स्कीच्या पट्ट्या कमरेशी अरुंद ठेवल्या आणि टाच धरून ठेवणारी, पिळलेल्या काटक्यांची बांधणी वापरली. १८६८ मध्ये ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, येथे त्याने आपले कसब दाखविले. मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशी पट्टी कडेवर कलली व वजनाने वाकली की ती आपोआप कमानीच्या मार्गाने धावते. पुढे १९२० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग येथील रूडोल्फ लेटनर याने लाकडी स्कीला पोलादी कड बसविली. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवितात ती झीज थांबावी म्हणून. येथे पोलादाचे काम झीज थांबविण्याबरोबर घट्ट बर्फात रुतण्याचेही होते.

स्नोबोर्ड हा या घराण्यातला धाकटा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे १९६५ च्या नाताळात शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींच्या खेळासाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. या खेळण्याला ‘स्नर्फर’ हे नाव त्याच्या पत्नीने दिले. त्याला बांधणी नव्हती. हातात धरावयाची एक दोरी काय ती होती. १९७७ मध्ये व्हरमाँट राज्यात जेक बर्टन कार्पेंटर याने बांधणी असलेल्या फळ्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. १९८० च्या दशकात या फळ्यांना पोलादी कड आली आणि खेळणे हत्यार झाले. तरीही बहुतेक स्की-केंद्रांनी या पोरखेळाला प्रथम दार बंद ठेवले. व्हरमाँटमधील स्ट्रॅटन या केंद्राने १९८३ मध्ये ते उघडले, आणि हळूहळू इतरांनी त्याचे अनुकरण केले.

युरोपात मात्र या फळीचे संस्कार निराळे झाले. तेथे आल्प्सच्या उतारांवर स्कीची परंपरा खोल रुजलेली होती, आणि अमेरिकेत बॉब लँग याने १९६० च्या दशकात प्रचारात आणलेले प्लास्टिकचे कठीण स्की-बूट सर्वांच्या परिचयाचे होते. १९८० च्या दशकात तेथील स्वारांनी तसेच बूट स्नोबोर्डवर चढविले. स्वित्झर्लंडचा जोझे फेर्नांदेस आणि फ्रान्सचा सर्ज व्हितेली ही त्या पिढीतील ठळक नावे. व्हितेलीने वळताना शरीर इतके आडवे टाकले की ते बर्फाला जवळजवळ स्पर्श करी. त्या वळणाला आजही त्याचे नाव आहे.

कठीण बुटांची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. अरुंद फळी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन उलटते, म्हणून शर्यतीच्या फळ्या कमरेशी १८ ते २० सेंटिमीटरांच्याच ठेवतात. आता माणसाचे पाऊल त्याहून लांब. ते फळीवर आडवे ठेवले तर बोटे आणि टाच बाहेर येतात, आणि फळी कलली की कडेऐवजी बूटच बर्फाला टेकतो. म्हणून दोन्ही पावले फळीच्या तोंडाकडे, सुमारे ५० ते ६५ अंशांत वळवावी लागतात. पण पावले पुढे वळली की फळी कलविण्याचे काम घोट्याच्या आणि नडगीच्या बाजूवर येते. मऊ बूट तेथे दबतो आणि जोर वाया जातो. प्लास्टिकचे कठीण कवच मात्र गुडघ्याची किंचित हालचालही तत्काळ कडेपर्यंत पोहोचविते. बूट फळीशी जोडणारी पट्टी धातूची असते. तिच्या पुढील व मागील पोलादी कड्या बुटाचा तळ पक्का धरतात. पुढच्या पायाची बोटे आणि मागच्या पायाची टाच थोडी उचललेली ठेवतात, जेणेकरून गुडघे नैसर्गिक स्थितीत वाकावेत.

येथे मला बोरूची आठवण होते. बोरूचे टोक तिरके छाटलेले असते. तो एकाच कोनात धरून हात फिरविला की देवनागरीची जाड-बारीक रेघ आपोआप उमटते. जाडी हाताच्या दाबाने आणू पाहणाऱ्याचे अक्षर बिघडते. स्नोबोर्डच्या कडेलाही अशीच एक कमान घडवितानाच दिलेली असते. स्वाराने कोन द्यावयाचा, वळण कमान देते.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना गणिताची आवड होती त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने एखादा स्वार १० मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे असे समजा. त्याला बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनाइतकाच भरतो. तोल राहण्यासाठी त्याला सुमारे ४५ अंश आत कलावे लागते, आणि पायांवर वजनाच्या सुमारे १.४ पट भार येतो. आता ४५ अंश कललेली फळी आपल्या मूळ कमानीच्या सुमारे ०.७ पट त्रिज्येचे वळण आखते. म्हणून या स्वाराच्या फळीला सुमारे १४ मीटर त्रिज्येची कमान हवी. वेग, कल आणि कमान या तिन्हींचा मेळ बसला तरच रेघ कोरली जाते. एक जरी चुकला तरी फळी घसरते. बर्फ व उतार यांमुळे प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात, सूत्र हलत नाही.

तंत्राचा गाभाही याच हिशेबात आहे. नवशिका स्वार वळण घेताना कमरेत वाकून हात बर्फाला लावू पाहतो. त्यामुळे शरीर कलल्याचा भास होतो, पण फळी कलत नाही. जाणता स्वार गुडघे व नितंब वळणाच्या आत नेतो, खांदे शक्य तितके उताराला समांतर ठेवतो, आणि नजर पुढच्या वळणावर ठेवतो. एक वळण संपून दुसरे सुरू होताना तो उठून उभा राहत नाही. पाय दुमडून तो फळीला आपल्या शरीराखालून पलीकडे जाऊ देतो, आणि नव्या कडेवर पाय पुन्हा लांबवितो. सर्वांत कठीण असतो तो नव्या कडेवर विसावण्याचा पहिला क्षण. तेथे फळी फिरविण्याचा मोह आवरावा लागतो. कड रुतू द्यावी, वाट पाहावी, मग वळण येते. एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. असा स्वार उताराची सारी रुंदी व्यापतो, आणि मागून येणाऱ्यास त्याच्या मार्गाचा अंदाज येत नाही; म्हणून वळण्यापूर्वी वरच्या बाजूस पाहणे आवश्यक ठरते.

१९९८ साली जपानमधील नागानो येथे स्नोबोर्ड प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला. पुरुषांच्या जायंट स्लॅलममध्ये कॅनडाचा रॉस रेबाग्लियाती केवळ ०.०२ सेकंदाने जिंकला. चाचणीत गांजाचा अंश आढळल्यावरून काढून घेतलेले त्याचे पदक क्रीडा लवादाने परत दिले, आणि जगाच्या लक्षात मुख्यतः ते प्रकरणच राहिले. महिलांत फ्रान्सची कारीन रुबी विजयी झाली. २००२ पासून दोन स्वार शेजारी-शेजारी धावतात अशी समांतर शर्यत आली.

परंतु त्याच काळात बाजार दुसरीकडे वळला होता. उड्या, कसरती आणि मऊ बूट यांचे आकर्षण तरुणांना अधिक होते. मोठ्या कंपन्यांनी कठीण बुटांच्या साहित्यातून हळूहळू हात काढून घेतला. येथे या इतिहासातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा येतो. मोठे कारखाने सोडून गेले तेव्हा छोट्या कर्मशाळांनी हे हत्यार सांभाळले, आणि नुसते सांभाळले नाही, सुधारलेही. कॅनडातील कॉइलर, अमेरिकेतील डोनेक आणि स्वित्झर्लंडच्या ब्राउनवाल्ड या डोंगरी गावातील हान्सयुर्ग केसलर यांची उदाहरणे बोलकी आहेत. ‘टायटॅनल’ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे लाकडी गाभ्याभोवती घालून केलेल्या फळ्या कंपने शोषून घेऊ लागल्या. कडेची कमान एकाच त्रिज्येची न ठेवता क्रमाक्रमाने बदलणारी ठेवली गेली.

ही बदलती कमान सौंसरच्या लोकांना अपरिचित नसावी. रेल्वेचे अभियंते सरळ रूळ एकदम वर्तुळाला जोडत नाहीत. तसे केल्यास डब्याला धक्का बसेल. मध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालतात. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. तिच्या खिडकीतून पुढचे इंजिन वळताना पाहत बसणाऱ्यांची एक पिढी या सभागृहात आहे. रुळाने जे डब्यासाठी केले, तेच ही कमान स्वारासाठी करते.

या कलेने थोरल्या भावंडालाही शिकविले. स्लोव्हेनियातील एलान कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी खोल कमानीची स्की आणली आणि काही वर्षांतच जगभरच्या स्कीचा आकार पालटला. खोल कमानीची कड बर्फ कशी कोरते, हे स्नोबोर्ड त्यापूर्वीच उतारांवर दाखवीत होता. मऊ बुटांच्या बहुमताने ज्या शाखेला कालबाह्य ठरविले, तिचीच विद्या अशी सर्वांच्या पायाखाली गेली.

आणि ही विद्या केवळ डोंगराळ देशांची राहिली नाही. २०१० मध्ये व्हँकूव्हरला समांतर जायंट स्लॅलमचे सुवर्णपदक निकोलिन साउअरब्रेय हिने मिळविले. ती नेदरलँड्सची, त्या सपाट देशाला हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्केटिंगबाहेर मिळालेले ते पहिले सुवर्ण. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाचा ली सांग-हो रौप्यपदक विजेता ठरला. तो कोबीच्या शेतावर तयार केलेल्या घसरगुंडीवर शिकला, म्हणून त्याचे देशबांधव त्याला ‘कोबीवाला मुलगा’ म्हणतात. त्याच ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्तेर लेदेत्स्का हिने स्की आणि स्नोबोर्ड या दोन्हींत सुवर्णपदक जिंकले. आपल्या देशात गुलमर्गला स्की क्लब १९२७ मध्ये स्थापन झाला आणि २०२० पासून तेथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या. कोबीच्या शेतातून जे झाले ते संत्र्याच्या बागेतून कधीच होणार नाही, असे मी म्हणणार नाही.

तथापि, संख्येचा प्रश्न पुन्हा पुढे आला. २०३० च्या ऑलिंपिकमध्ये ही समांतर शर्यत राहावी की नाही, अशी चर्चा निघाली तेव्हा २०२५ मध्ये खेळाडूंनी ती टिकावी म्हणून आवाज उठविला. एखादी विद्या जगावी की नाही हे तिच्या प्रेक्षकांच्या संख्येवर ठरवावे काय, हा तो प्रश्न होता.

मित्रहो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर येथील मराठी तेव्हापासून थोड्यांची भाषा झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पण तो प्रश्न तसाच आहे. आपण मोठे होऊन कोणाशी स्पर्धा करावी, असे मी सुचवीत नाही. हिंदी ही आपल्या मुलांची दुसरी कड आहे, आणि ज्याला दोन्ही कडांवर तोल सांभाळता येतो तोच पुढे जातो. मात्र एका कडेवरची धार बोथट होऊ दिली तर त्या बाजूचे वळण कायमचे जाते. केसलरसारख्या कारागिरांनी बहुमताची वाट पाहिली नाही. त्यांनी हत्यार धारदार ठेवले. मराठी शाळेचे काम याहून वेगळे नाही. वाचनालयातील पुस्तक, फळ्यावरचे स्वच्छ अक्षर, निबंधाची तपासलेली वही, ही आपली हत्यारे आहेत. गुरुजींनी आयुष्यभर तीच धारदार ठेवली.