पोकलेनची नाडी

माती उपसणाऱ्या यंत्राचा इतिहास हा त्याचे दुखणे ओळखण्याचाही इतिहास आहे. १८३९ साली अमेरिकेत विल्यम ओटिसने वाफेच्या फावड्याचे पेटंट घेतले. त्या यंत्राचा बिघाड साखळीच्या खडखडाटातून कानांना कळे. पुढे साखळदोरांची जागा तेलाच्या दाबाने घेतली. १९६१ साली फ्रान्समधील पोक्लेन कंपनीने सर्वांगी तेलदाबावर चालणारे, गरकन फिरणारे यंत्र काढले. आपण आजही खोदयंत्राला ‘पोकलेन’ म्हणतो ते त्यावरूनच.

नंतर तेलाच्या झडपा विजेच्या हुकमतीत आल्या आणि दुखणे तारांत शिरले. ते ना दिसते, ना ऐकू येते. १९८६ साली बॉश कंपनीने ‘कॅन’ ही संदेशपद्धती मांडली. तिच्यावर रचलेल्या जे-१९३९ संकेतांत यंत्रच आपली तक्रार आकड्यांनी सांगते: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा तार तुटलेली.

परंतु आकडा लक्षण सांगतो, कारण नव्हे. ५ दिसताच महागडी झडप बदलावी आणि दोष गंजलेल्या पिनेत निघावा, असे घडते. जाणता मिस्त्री आधी मीटरने झडपेच्या कॉइलचा रोध मोजतो. तो बरोबर भरला, तर तार आणि जोड तपासतो. यंत्र बोलू लागले, तरी नाडी माणसानेच पाहायची आहे.