तबकडीचा टेलिफोन

मुंबईंत 1882 सालीं टेलिफोनचें पहिलें एक्स्चेंज उघडलें, तेव्हां कोल्हापुरास आगगाडीही आली नव्हती. ती 1891 सालीं आली. त्याच वर्षीं अमेरिकेंत आल्मन स्ट्रोजर नांवाच्या, अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थास आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचें पेटंट मिळालें. जोडणारी बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याचा संशय होता, अशी कथा आहे. खरीखोटी देव जाणे! मधला माणूस गेला आणि पुढें टेलिफोनला तबकडी आली.

कोल्हापूरच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावरील असा काळा टेलिफोन आज नव्या काचतंतूच्या जोडणीस लावला, तर तो बहुधा मुकाच राहतो. तबकडी सोडली, कीं परततांना ती तारेंतील प्रवाह सेकंदास सुमारें दहा वेळां तोडते; पांचास पांच ठोके, शून्यास दहा. नव्या पेट्यांपैकीं अनेकींस ही भाषा येत नाहीं. परंतु ठोके मोजणारें चार-आठ जोडण्यांचें लहानसें घरगुती एक्स्चेंज मध्यें बसविलें, तर माडी माजघराशीं बोलूं लागते. घंटेस मात्र सुमारें 75 व्होल्टांचा, दिशा पालटणारा प्रवाह हवा. तो अशक्त असला, कीं ती नुसती कुरकुरते.

आंतील यंत्र उपटून टेलिफोनचा दिवा करणारे हौशी लोकही आहेत. त्यांच्या रसिकतेस काय म्हणावें?

याच नगरींत राजाराम कॉलेजांत अध्यापन करणाऱ्या माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ 1938 सालचा. सावरकरांनीं ‘दूरध्वनि’ हा शब्द दिला. तो पाट्यांवर आणि कागदोपत्रीं रुळलाही. घंटा वाजली, कीं घरांत मात्र ‘फोन आला’ अशीच हांक उठते.