दान पावलं

मार्गशीर्ष-पौषातील पहाटे, देशावरच्या एखाद्या मौज्यात चुली अजून पेटावयाच्या असताना, गोठ्यातल्या गुरांच्या श्वासांची वाफ धुक्यात मिसळत असताना आणि सडा घालणाऱ्या सासुरवाशिणीची बोटे गारठून गेलेली असताना, चिपळ्यांचा जो नाद वेशीकडून उंबरठ्यापर्यंत येई, तो वासुदेवाचा. मोरपिसांची उंच टोपी, घोळदार पायघोळ अंगरखा, कमरेला शेला, हाती टाळ-चिपळ्या असा त्याचा वेष. आणि त्याची परंपरा इतकी प्राचीन, की ज्ञानेश्वर-नामदेवांनी आणि पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनी त्याच्यावर रूपके रचून निद्रिस्त जीवाला जागे करण्याचे कार्य त्याच्याच मुखी घातले.

बारा बलुतेदारांचा हक्क सुगीत खळ्यावर मिळे; गावोगाव फिरणाऱ्या वासुदेवास मिळे ते सुपातले पसाभर धान्य. परंतु ते झोळीत पडताच तो स्वतःभोवती गिरकी घेई, आणि पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडेराया, तुळजापूरची भवानी अशा एकेका दैवताचे नाव घेऊन, ते दान त्यांस पावल्याची ग्वाही देई. मूठभर जोंधळ्याची इतकी आदरपूर्वक पोच देणारी दुसरी रीत आपल्या ग्रामजीवनात क्वचितच आढळेल.

आज तो नाद विरळ झाला आहे. तथापि उद्याच्या थंड पहाटे अंगणात कोवळे ऊन उतरेल, तुळशीच्या पानावर दव चमकेल, तेव्हा, वाचकहो, त्या दानाचीही पोच द्यावी. ‘दान पावलं’ एवढे दोन शब्द त्यास पुरेसे आहेत.