मागच्या टायरचा हिशेब

वर्षभर डोंगरवाटांवर फिरलेल्या मोटरसायकलचे दोन्ही टायर शेजारी ठेवून पाहा. पुढच्याची बटणं बऱ्यापैकी शाबूत असतात. मागच्याच्या कडा गेलेल्या असतात आणि एखाददुसरं बटण मुळापासून फाटलेलं असतं. कारण सरळ आहे. पुढचं चाक दिशा देतं आणि ब्रेकचा भार घेतं, पण इंजिनाची सगळी ताकद जमिनीपर्यंत पोहोचते ती मागच्या चाकातून. चढावर वजनही मागेच सरकतं. सुट्या दगडांवर हे चाक जागच्या जागी फिरतं आणि प्रत्येक वेळी थोडं रबर तिथेच सोडून येतं.

त्यामुळे मागच्या टायरला दोनच प्रश्न विचारले जातात: धरतो का? टिकतो का? शंभराहून अधिक वर्षं झाली, या दोन प्रश्नांचं एकमेकांशी जमलेलं नाही.

सुरुवातीला काळजी फक्त टिकण्याची होती. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. १८३९मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेचा उपाय सापडला. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि पेटंट घेतलं. हे टायर काळे नव्हते. रबराचा चीक पांढरा असतो आणि त्यात मिसळलं जाणारं झिंक ऑक्साइडही पांढरंच. १९०४मध्ये लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात एस. सी. मोट यांच्या लक्षात आलं, की रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली की ते कितीतरी चिवट होतं. १९१०नंतर ही युक्ती उद्योगात रुळली. टायरचा काळा रंग हा असा झिजेवरचा इलाज आहे.

पण तोवर मोटरसायकल रस्ता सोडून डोंगरात शिरली होती. स्कॉटलंडमध्ये १९०९पासून एक स्पर्धा सुरू झाली, जी पुढे ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ म्हणून नावाजली. आधी ती गाडीच्या भरवशाची परीक्षा होती. हळूहळू ती तोल आणि पकडीची झाली. ओल्या खडकांवरून, ओढ्यांतून अगदी सावकाश जायचं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. आजच्या नियमांत पाय टेकला की एक दंडगुण, अडकलात तर पाच. इथे वेगाला किंमत नाही. टायरने दगडाला बिलगून राहायला हवं. म्हणून ट्रायल्सचा मागचा टायर मऊ बाजूंचा, जवळजवळ बसवलेल्या चौकोनी ठोकळ्यांचा असतो आणि त्यात हवा जेमतेम ४-५ पीएसआय भरतात.

दुसरी स्पर्धा १९१३मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइलला झाली: आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल, आजच्या एन्ड्युरोची आजी. तिचा प्रश्न वेगळा होता. रोज लांबचा पल्ला, मध्ये मध्ये पक्का रस्ता, आणि गाडी सहाव्या दिवशीही चालली पाहिजे. आजही या स्पर्धेत टायर स्वाराने स्वतःच्या हाताने बदलायचा असतो, तोही मोजक्या मिनिटांत. या टायरची बटणं खोल आणि सुटी असतात, म्हणजे मधला चिखल झटकला जातो.

एकाच टायरला दोन्ही का जमत नाही, याचं उत्तर प्रयोगशाळेतून आलं. १९५८मध्ये ग्रीनवुड आणि केंब्रिजचे डेव्हिड टेबर यांनी दाखवलं, की वंगण लावलेल्या रबरावरून कठीण वस्तू घसरते तेव्हा घर्षण मुख्यतः रबराच्या आतून येतं. दोन चेंडू घ्या. एक उंच उसळतो, दुसरा धप्पकन पडून राहतो. ओल्या दगडावर पकड देतो तो दुसरा. त्याचं रबर दगडाच्या उंचवट्यावर दबतं आणि पूर्ववत व्हायला वेळ लावतं. त्यात जी ऊर्जा हरवते, तीच आपली पकड. पण हरवलेल्या ऊर्जेची उष्णता होते. डोंगरात सावकाश चालताना ती खपून जाते. डांबरावर ताशी ८० किलोमीटरने हेच मऊ रबर तापतं आणि बटणांचे तुकडे उडू लागतात. आपल्याकडे ट्रेल गाठायलाच कित्येकदा शंभर किलोमीटर हायवे कापावा लागतो. टायर घेतलेला असतो डोंगरासाठी, आणि झिजतो मात्र हायवेवर.

आम्ही प्रोग्रॅमर लोक याला ट्रेड-ऑफ म्हणतो. जाहिरातींत मात्र ‘जबरदस्त ग्रिप’ आणि ‘दीर्घ आयुष्य’ एकाच ओळीत सुखाने नांदतात.

शिवाय आयुष्य म्हणजे फक्त बटणांची उंची नाही. मागच्या टायरची पहिली जाते ती बटणाची धार. उंची भरपूर असते, पण जमिनीत रुतणारी कडा गोल झालेली असते. म्हणून जुने स्वार एका दिशेचं बंधन नसलेला टायर रिमवर उलटा बसवतात आणि मागची, अजून न वापरलेली कडा कामाला लावतात. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ऊन, ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबर कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २०००पासूनची पद्धत: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण असलेला जुना टायर ओल्या कातळावर दगा देऊ शकतो, आणि तो देईपर्यंत कळत नाही.

या हिशेबात आणखी एक भागीदार आहे. जितकं बटण खोल, तितकी माती जास्त उकरली जाते. पाऊस पडला की त्याच चरातून पाणी धावतं आणि पायवाटेची घळ होते. म्हणूनच जागतिक महासंघ एफआयएमने एन्ड्युरोच्या टायरची नक्षी १३ मिलिमीटरपर्यंतच मर्यादित ठेवली आहे. धरतो का आणि टिकतो का, हे प्रश्न स्वाराच्या सोयीचे होते. वाट टिकते का, हा तिसरा प्रश्न नियमांत यायला बराच काळ गेला.

तेव्हा दुकानदाराला ‘किती किलोमीटर चालेल?’ असं विचारण्याआधी आपण किती डांबरावर चालवतो, किती दगडांवर आणि किती हवेवर, हे स्वतःला विचारून घ्यावं. तो बिचारा अंदाजाने एक आकडा सांगेल. खरा आकडा आपल्याच उजव्या मनगटात असतो.